आत डोकावायचं न्हाई!

गेल्या दिवाळीपर्यंत आमचे कऱ्हाळे सर रोज संध्याकाळी दोनदा घरी यायचे.

पहिल्यांदा यायचे ते चोरासारखे. सायकल भिंतीला टेकवायची, चपला हातात घ्यायच्या, दारावरचा पडदा हळूच सारायचा आणि आत. थोड्या वेळानं हाच माणूस मागच्या दारानं बाहेर पडायचा, खोल्यांना वळसा घालून पुन्हा पुढच्या दाराशी यायचा, खांद्याला दप्तर अडकवायचा, मोठ्यानं खाकरायचा आणि दणादणा पाय आपटत पुन्हा आत. आत गेल्यावर ओरडून काहीतरी सांगायचा. मधल्या भिंतीतून शब्द कळायचे नाहीत.

मी कळमनुरीत नवी होते. कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेही तासावर पैसे मिळणारी. सरांच्या खोलीला लागून मला खोली मिळाली. पहिले काही दिवस वाटलं, सरांचं काहीतरी बाहेर राहत असेल. पण रोजच? मग मी मनाशी ठरवून टाकलं की हा संगणकाचा माणूस आहे, एकदा केलेल्या कामावर याचा विश्वास बसत नसणार. घरी येणंसुद्धा पुन्हा चालवून बघत असेल.

घरात म्हातारी आई आहे एवढं गल्लीला माहीत होतं. पण तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी दाराशी आलंच तर सर पडदा धरून उभे राहायचे. "माय निजलीय," एवढं म्हणायचे की संपलं.

कऱ्हाळे सर पंचेचाळिशीचे, उंच, किडकिडीत, बिनलग्नाचे. त्यांच्याशी बोलताना पहिली गोष्ट लक्षात येते ती त्यांचे हात. काही मागायचं झालं की ते आधी नाव सांगतात, मग दोन्ही तळवे वाकवून हवेत कंस उघडतात, आत तपशील सांगतात आणि कंस बंद करतात. स्टँडासमोरच्या टपरीवर उभे राहून, "चहा," मग तळवे, "अर्धा, साखर बिलकुल न्हाई," मग तळवे बंद. टपरीवाले चाचा पातेलं हातात धरून वाट बघत असतात. "सर, कंस बंद झाला क्या? डालूं क्या चाय?"

बाजाराच्या दिवशी मी त्यांना भाजी घेताना पाहिलं. "वांगी," हात वर, "पाव किलो, बिनकिडीची." भाजीवाली मावशी उसळली. "किडकी वांगी इकायला बसले व्हय मी?" सर शांतपणे म्हणाले, "न्हाई मावशी, तुमी इकत न्हाई, मला म्हाईत हाय. पण काय पायजे ते बराबर सांगितलं न्हाई तर काय येईल त्याला आपण जिम्मेदार." मावशीनं वांगी दिली, वर शेजारणीला म्हणाली, "मास्तर हाय. जाऊ दे."

कुणी गोष्ट सांगता सांगता भलतीकडे वळलं की सर कासावीस होतात. स्टाफरूममध्ये एक मॅडम नणंदेच्या लग्नाची हकिकत सांगता सांगता साड्यांवर गेल्या, तर सर वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "मॅडम, नणंदेचा कंस उघडाच राहिला." पोरं त्यांना मागून कंसमामा म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. "म्हणू द्या," म्हणतात, "निदान कंस ध्यानात राहील."

आता सरांच्या वर्गाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आमचं भांडण तिथूनच सुरू झालं.

अकरावीचा संगणकाचा वर्ग. पोरं बहुतेक आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची. कुणाच्या घरी शेती, कुणाच्या घरी मेंढरं. संगणकाशी ओळख म्हणजे घरातल्या एका मोबाईलशी ओळख. लॅबमधली मशीनं सुरू होईस्तोवर लाईट जाते. सर म्हणतात, "बरं झालं. आधी डोक्यात चालवू." आणि स्यूडोकोड शिकवायला घेतात. स्यूडोकोड म्हणजे संगणकाच्या भाषेत न लिहिता आपल्या साध्या भाषेत, पायरी पायरीनं मांडलेलं काम. त्यात बिल्ट-इन फंक्शन येतात. म्हणजे अशी कामं, जी संगणकाच्या भाषेनं आपल्यासाठी आधीच करून ठेवलेली असतात. आपण नुसतं नाव घ्यायचं. कंसात सामान द्यायचं. उत्तर घ्यायचं.

हे शिकवायला सर काय वापरतात? अंतरपाट. लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात तो. मंडपवाल्या जुन्या विद्यार्थ्याकडून आणलेला, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. दोन पोरं तो धरून उभी राहतात, मागे तिसरं पोर बसतं. मागे बसलेलं पोर म्हणजे फंक्शन. समोरच्यानं नाव पुकारायचं, चिठ्ठी अंतरपाटाखालून सरकवायची. पलीकडून उत्तर येतं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मागे शीतल होती. ती 'लेंग्थ' झाली होती: शब्द दिला की त्यात अक्षरं किती ते सांगायचं. समोर मारोती. मोठ्या हाडापेराचा, लाजाळू, मेंढरांच्या घरातला. त्यानं चिठ्ठी हातात धरली आणि मान वाकडी करून कापडामागे बघायला लागला.

"काय करून राहिला रे?" सर.

"सर, शीतल आत कशी मोजती ते बघून राहिलो."

"आत डोकावायचं न्हाई! नाव घ्या, माल द्या, उत्तर घ्या. आरं, अंतरपाटापलीकडं कोण हाय ते न बघता तुझ्या आज्यानं अख्खं आयुष्य देऊन टाकलं. तू एक चिठ्ठी द्यायला काहून भिऊन राहिलास?"

वर्ग खिदळला. मारोतीनं घाईघाईत "लेंग्थ!" असं ओरडून चिठ्ठी सरकवली आणि सुटलो एकदाचा म्हणून बाकावर जाऊन बसला. इकडे अंतरपाटाखालून शीतलचा हात उत्तराची चिठ्ठी घेऊन बाहेर आला. घ्यायला कुणीच नाही. हात तसाच हलत राहिला.

"मारोती," सर हळू आवाजात म्हणाले, "ती बिचारी मोजून मोजून दमली. उत्तर कोण घेईल? समदे हेच करतात. मागतात अन् घ्यायचं इसरतात. ये. हात पुढं कर."

मारोतीनं हात पुढं केला.

मग 'राउंड' झालं, अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यावर नेणारं. मग 'रँडम', मनाला येईल तो आकडा देणारं. रँडमसाठी सरांनी गज्याला बसवलं. गज्या वर्गातला वांड. त्याला एक ते शंभरमधला आकडा मागितला तर आतून आवाज आला, "चारशे वीस!"

"आरं, एक ते शंभर दिला ना तुला?"

"सर, रँडम हाय ना!"

"रँडमलाबी कुंपण असतंय, बाबा."

पोरं पोट धरधरून हसली आणि हसता हसता शिकली, हे मला मान्य आहे. पण 'आत डोकावायचं न्हाई' हे वाक्य मला सहन होईना. आमच्या औंढ्याच्या घरात कोनाड्यात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा शेतमजुरांच्या सभांची पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. अक्षरओळख झाली तीच त्यांवर. आत डोकावू नका, हे आजवर आपल्याला कोण सांगत आलं? गाभाऱ्याच्या दारात अडवणाऱ्यांनी सांगितलं, वजनकाट्यावर हात ठेवून बसलेल्यांनी सांगितलं, कचेरीत खिडकी लावून घेणाऱ्यांनी सांगितलं. आणि आता वर्गात, कोवळ्या पोरांना, मास्तर सांगतो?

हे सगळं मी स्टाफरूममध्ये एका दमात सरांना ऐकवलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, कंस बंद झाल्याची खात्री केली आणि म्हणाले, "मॅडम, पोरगं सायकल शिकायच्या दिवशीच चेन खोलून बसलं तर शाळेत कवा पोचणार?"

"आणि चेन तुटली तर?"

"तवा खोलंल."

मी ऐकणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी लाईट असताना त्यांच्या लॅबमध्ये गेले. म्हटलं, "सर, 'कळमनुरी'ची लांबी किती?" वर्गानं बोटं मोजून सांगितलं, पाच. मारोतीला म्हटलं, संगणकाला विचार. मारोतीनं एकेक कळ शोधत 'कळमनुरी' लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: सात.

गज्या म्हणाला, "मशीनीला मराठी येत न्हाई."

"येतं," मी म्हणाले. "पण ते नचा उकार वेगळा मोजतंय आणि रीची वेलांटी वेगळी मोजतंय. पाच अक्षरं आणि दोन चिन्हं. हे आत डोकावल्याशिवाय तुम्हाला कोण सांगणार होतं?"

मला वाटलं, सरांचा चेहरा पडेल. कसलं काय! माणूस हरखून गेला. पडद्याजवळ नाक नेऊन पुन्हा पुन्हा सात बघत राहिला. "वा मॅडम! जितल्या तुमी. बराबर हाय, डोकावायलाच पायजे." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण पहिल्या दिवशी न्हाई. पहिल्या दिवशी लेकराला एवढंच कळू द्या, की जगात कुणीतरी आपल्यासाठी आधीच काहीतरी करून ठेवलंय. समदं आपल्याला एकट्याला करायचं न्हाई. नुसती हाक मारायची हाय."

इतकं चांगलं वाक्य बाबांच्या एकाही पत्रकात नव्हतं, आणि ते फंक्शनबद्दल असावं याचा मला रागही आला.

जास्त राग याचा, की हे वाक्य बोलणारा माणूस स्वतः कुणालाच हाक मारत नव्हता.

कऱ्हाळे सर आपले केस आपण कापतात. दोन आरसे समोरासमोर धरून. मागून डोकं बघाल तर मेंढरं चरून गेलेलं रान. पंक्चर आपण काढतात, चपलेचा अंगठा आपण शिवतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला की सर सायकलवर टांग मारून घराकडे पसार, घंटा वाजायच्या आत घामाघूम होऊन परत. का, ते सांगायचं नाही. मी एकदा वाटीभर शेवयाची खीर नेऊन दिली. वाटी परत आली ती घासून लखलखीत, आत शेंगदाणे, आणि वर निरोप: "मॅडम, तकलीफ घेऊ नका."

"सर," मी म्हटलं, "शेजारीण हे काय असतं? आधीच करून ठेवलेली सोयच ना?"

ते नुसते हसले आणि पडदा ओढून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. विषयाचं निवासी प्रशिक्षण, आठवडाभर, संभाजीनगरला. जो शिक्षक ते करणार नाही त्याला पुढच्या वर्षी हा विषय शिकवता येणार नाही. सर म्हणाले, "मला जमायचं न्हाई. घरी अडचण हाय." प्राचार्य चांगले गृहस्थ, त्यांनी परोपरीनं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कऱ्हाळे, दुसरा शिक्षक मी कुठून आणू? विषयच बंद करावा लागेल. ह्या पोरांनी बारावीला काय करायचं?"

पोरांपुढं दोनच वाटा होत्या, रोज जीपनं हिंगोली गाठायची नाहीतर विषय सोडायचा. शीतलच्या घरी हिंगोली परवडणारीही नव्हती आणि पटणारीही नव्हती. मारोतीला तर घरच्या कुणी विचारलंच नसतं, मेंढरं होतीच.

कॉलेजात बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाला लाईट नव्हती. पुढचा तास माझा, म्हणून मी दाराशी येऊन थांबले होते. शीतल उभी राहिली.

"सर, तुमी संभाजीनगरला जाऊन राहिलात ना?"

"न्हाई."

"काहून?"

सर खडू हातात फिरवत राहिले. "घरी माय हाय. तिला सोडता येत न्हाई."

"मग आमी हाव की."

"तुमाला जमायचं न्हाई. लई बारीक काम हाय."

"मग लिहून द्या," शीतल म्हणाली. "स्यूडोकोड."

आता आली का पंचाईत! सरांनीच सांगितलं होतं ना, की कसलंही काम पायरी पायरीनं लिहिता आलं पाहिजे? सर फळ्याकडे वळले. एक: चूल... नाही, गॅस पेटव. दोन: तवा ठेव. तीन: परातीत पीठ घे. चार: पाणी कोमट कर, बोट बुडवून बघ. पाच: पिठात थोडं थोडं ओत. सहा: तळव्यानं मळ, भेग पडता कामा नये... सर लिहीत गेले, लिहीत गेले. फळा भरला, आणि मायची सकाळची भाकरी अजून तव्यावर पडायची होती.

शीतल उठली. डस्टर घेतलं. सगळा फळा पुसला आणि वर एक ओळ लिहिली: भाकरी, कंस, ज्वारीची, मऊ, कंस बंद.

"सर," ती म्हणाली, "आत डोकावायचं न्हाई."

वर्गानं बाकं वाजवली. सरांना हसू आवरेना. पण गज्या तेवढ्यात बोललाच, "भाकरी म्हंजी पोरींचं फंक्शन हाय, सर. आमी न्हाई."

मला राहवलं नाही. दारातूनच म्हणाले, "गजानन, पोरींच्यात भाकरी बिल्ट-इन असते असं कुठल्या पुस्तकात वाचलंस? मला दाखव ते पुस्तक. त्यांना आयांनी रट्टे देऊन शिकवलेली असते. तुलाही शिकवता येईल."

मागून मारोतीचा हात वर आला. "मॅडम, मला येती."

"तुला?" गज्या.

"मेंढरामागं रानात असतो आमी. तितं भाकरी काय बाभळीला लागती?"

मग फळा भराभर भरला. चहा, कंस, पाव बुडवून. वेणी, कंस, खोबरेल, हळू. औषध, कंस, गुळाच्या खड्यात. प्रत्येक ओळीपुढे कुणा ना कुणाचं नाव. रात्रीच्या सोबतीपुढे मी माझं नाव लिहून टाकलं. कालपर्यंत एका माणसाच्या पाठीवर असलेला दिवस, बघता बघता आठ-दहा ओळींचा झाला.

संध्याकाळच्या ओळीपाशी सर थांबले. खडू खाली ठेवला.

"हे राहू द्या."

"काय हाय, सर?"

खिडकीकडे बघत ते बोलले. "माझी माय मला वळखत न्हाई. म्हंजी, ह्या मला. तिचा दत्ता लहान हाय, शाळेत गेलाय. दिवस कलला की ती दाराकडं बघत बसती. दत्ता आल्याबिगर घास घेत न्हाई. म्हणून मी आधी गुपचूप येऊन भाकरी टाकतो, मग मागून जातो, दप्तर घेतो अन् पुढच्या दारानं येतो. 'माय, आलो गं' म्हणतो. कवा कवा पटतं तिला. कवा कवा म्हणती, तुमी कोण, भाऊ? मग तशीच उपाशी निजती." त्यांनी हाताला लागलेला खडू पुसला. "ह्याला तयार फंक्शन न्हाई, पोरांनो."

दारात उभी असलेली मी, भिंतीपलीकडून इतके दिवस ऐकू आलेले ते पाय आपटण्याचे आवाज पुन्हा ऐकत होते.

मारोतीनं बाकाखालून आपलं दप्तर वर काढलं आणि मांडीवर ठेवलं. गणवेशाची बाही नीट केली. मग खाली बघत म्हणाला, "सर, दप्तर तर आमच्याकडंबी हाय."

शीतल म्हणाली, "तयार नसलं तर आपलं आपण करायचं फंक्शन. पुढच्या धड्यात तेच हाय ना?"

"पुढचा धडा तू कवा वाचलास?"

"डोकावले, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

सर संभाजीनगरला गेले. जाताना सायकल, किल्ली आणि माय माझ्या हवाली करताना त्यांनी तीनदा कंस उघडला आणि तिन्ही वेळा बंद करायला विसरले.

पहिल्या संध्याकाळी मी मायजवळ बसले होते. लहानशी, गोरी, पांढऱ्या केसांची बाई. नजर पडद्यावर. बाहेर पाय वाजले आणि मारोती आत आला. खांद्याला दप्तर. "माय, आलो गं."

मायनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"एवढा उशीर काहून केला रे?"

"तास... तास लांबला, माय."

"मास्तरनं मारलं का?"

"न्हाई. आमचे मास्तर मारत न्हाईत. नुसतं कंस बंद करा म्हणतात."

"जा, हातपाय धू," माय म्हणाली, आणि भाकरीच्या ताटाकडे तिनं आपणहून हात नेला.

ज्या कामाला सरांचा पिकलेला चेहरा कधी पुरायचा, कधी नाही, ते काम गणवेशातल्या पोरानं फुकट केलं. दुसऱ्या दिवशी गज्याची पाळी. मायनं त्याला पाढ्यावर घेतलं. सतरा सत्ते किती? गज्या म्हणाला, एकशे वीस. मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "एकशे एकोणीस!" गज्या पाठ चोळत म्हणाला, "राउंड केलं, माय." त्या दिवसापासून गज्या पाढे पाठ करताना दिसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि सरांचे फोन! सकाळी फोन, दुपारी फोन. "मॅडम, भाकरी कुस्करून दिली का? दूध कोमट होतं का? वेणी ओढून तर न्हाई ना घातली?" आधी मी सगळं सांगितलं. मग एक दिवस मी म्हणाले, "सर, माल दिलाय, उत्तर येईल. आत डोकावायचं न्हाई." पलीकडे ते हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आठवडा संपला. सर आले ते दिवस कलता कलता. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. सरांच्या खांद्याला बॅग, हातात प्रशिक्षण पुरं केल्याचा कागद. म्हणजे विषय वाचला. ते दाराशी आले आणि थबकले. आतून मारोतीचा आवाज येत होता, "माय, आलो गं," आणि मायचा, "आलास माझ्या राजा?"

सर पडद्याच्या ह्या बाजूला उभे राहिले. पडद्याला हातही लावला नाही.

"जा ना आत," मी म्हटलं.

"न्हाई मॅडम. चालू हाय ते चालू द्या." सरांनी बॅग खाली ठेवली. "आत डोकावायचं न्हाई."

"सर," मी उठले, "डोकावा." आणि मीच पडदा बाजूला केला.

मायच्या पुढ्यात ताट, शेजारी मारोती. मायनं वर पाहिलं. "या भाऊ, बसा. कोणाकडं आलात?"

मारोती गडबडून उठायला लागला. सरांनी त्याला नजरेनंच बस म्हटलं.

"असाच रस्त्यानं चाललो होतो," सर म्हणाले आणि उंबऱ्याशी उकिडवे बसले.

"ह्यो माझा दत्ता." मायनं मारोतीच्या पाठीवरून हात फिरवला. "आत्ताच शाळेतून आला."

"व्हय का? शाळेत कसा हाय?"

"लई हुशार. पर एक खोड हाय बघा. समदं एकलाच करतो. पडलं, लागलं, तरी कुणाला हाक मारत न्हाई. तुमी मोठे माणूस हाव. तुमी सांगा त्याला."

सरांनी मारोतीकडे पाहिलं. "आता मारतो, मावशी. शिकला तो."

माय समाधानानं हसली. ताटातली भाकरी मोडली, वर गुळाचा खडा ठेवला आणि तो घास उंबऱ्यावरच्या पाहुण्यापुढे धरला. "घ्या. तुमीबी दमून आलात."

सर नुसते बघत राहिले. मायचा हात तसाच हवेत राहिला.

मारोती पुढं वाकला आणि अगदी हळू, वर्गात बोलतात तसं म्हणाला, "सर, उत्तर घ्या."

कऱ्हाळे सरांनी हात पुढं केला.